डावा सुळा

दात काढायचाच झाला तर खालचा काढावा, वरचा काढू नये. वरचा काढला की त्या बाजूचा डोळा जातो. दाभोशाच्या अलीकडच्या त्या पाड्यावर हे कुणी कुणाला शिकवत नाही. चुलीत हात घालू नये हे जसं लहानपणीच कळतं, तसंच हेही कळतं. शेजारच्या गौराच्या मामाचा डोळा असाच गेला होता. सुकी म्हातारीच्या माहेरी, मोखाड्याकडे, एका बाईचा गेला होता. त्या दोघांना पाड्यावर कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, पण म्हणून काय झालं? गेला म्हणजे गेला! त्यामुळे जव्हारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी वर्षाच्या तोंडात बॅटरी मारून "वरचा डावा सुळा काढावा लागेल" असं म्हटलं, तेव्हा रंजनाने आधी आपल्या पोरीच्या डोळ्याकडे पाहिलं.

वर्षा तिची एकुलती एक. आठ वर्षांची, तोंडाची तिखट, पायाला भिंगरी. पण गेल्या पावसाळ्यापासून तिचं बोलणं कमी झालं होतं. वरचा पुढचा दात आडवा फिरून ओठात घुसत होता. घास चावला की ओठ कापायचा, रक्त यायचं. नागलीची भाकर ती पाण्यात कुस्करून गिळायची आणि हसायचं झालं तर तोंडावर हात घ्यायची.

"जबडा लहान आणि दात मोठे," डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. "पुढच्या दाताला उभं राहायला जागाच नाही. शेजारचा दुधाचा सुळा काढला की तो थोडा सरकेल. मग बारा-तेरा वर्षांची झाली की तार लावू. आत्ता काही केलं नाही तर सगळेच दात एकमेकांवर चढतील."

"आणि डोळा?" रंजनाने विचारलं.

"डोळ्याचा काय संबंध?"

शिकलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा? रंजना विचार करून सांगते म्हणाली आणि पोरीला घेऊन परत आली. मग सुरू झालं विचारणं. तिने कुणाला म्हणून विचारायचं ठेवलं नाही. आशाताई म्हणाली, डॉक्टर सांगतात ते कर. शाळेतले मास्तर म्हणाले, तार वगैरे शहरातल्या पोरांना लावतात, पण विचारून ठेवायला हरकत नाही. गौरा म्हणाली, "माझ्या मामाचा..." आणि पुढचं रंजनाला पाठच होतं. नवरा दिपेश वसईला इमारतीच्या कामावर. त्याने आपल्या मुकादमाला विचारलं. रात्री फोनवर म्हणाला, "मुकादम बोलतो, ऊपर का दाँत मत निकालो, आँख की नस रहती है." दुसऱ्या दिवशी ओठ फार दुखतो म्हणून पोर फोनवरच रडली, तर हाच दिपेश म्हणाला, "तू बघ गं काय ते." घ्या! पुरुष लांब असला की सगळं बाईच्या पदरात टाकायला फोन फार सोयीचा पडतो.

सुकी म्हातारीने मात्र आडवळण घेतलं नाही. अंगणात नागली पाखडता पाखडता तिने सुनेला स्पष्ट बजावलं, "दात वाकडा असला तरी पोर उजवंल. आंधळ्या पोरीला कोण नेईल? तिच्या डोळ्याला काय झाला ना रंजना, तर मी तुला सोडायची नाय."

"आत्ये, मी काय तिची वैरीण हाय का?"

"वैरीण नाय. येडी हायस."

असेच दिवस गेले असते. पण एका सकाळी वर्षाचा ओठ सुजून टम्म झाला, आतली जखम चिघळली आणि पेजेचा घोट घेतानाही पोर किंचाळली. रंजनाने सासूकडे पाहिलं नाही, गौराकडे पाहिलं नाही. पोरीला हाताला धरलं आणि जीव मुठीत धरून जव्हारची जीप पकडली.

दवाखान्यात सगळं भराभर झालं. सुई टोचली तेव्हा वर्षाने आईच्या दंडात नखं रुतवली, आणि पुढचं तिला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी इवलासा दात ताटलीत टाकला. "बघ, एवढासा तर होता," त्या हसून म्हणाल्या. रंजना दाताकडे बघतच नव्हती. ती वर्षाच्या डाव्या डोळ्याकडे बघत होती. डोळा जागेवर होता. पाणावलेला होता, पण काळाभोर, आईकडे बघणारा.

"बाई, डोळा बरा राहील ना?"

"अहो, सुळ्याचं मूळ हाडात असतं. डोळ्याची नस वेगळी, तिचा रस्ताच वेगळा. दुधाचे दात तर सगळ्याच पोरांचे पडतात. डोळे जातात का त्यांचे?"

हे मात्र रंजनाला पटलं. खरंच की! जिना उतरताना तिच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

जीप भरायला वेळ होता. स्टँडजवळच्या पारावर दोघी बसल्या. वर्षाच्या तोंडात कापसाचा बोळा, गाल बधिर, आणि पोरगी बोटाने स्वतःचाच ओठ उचलून बघत होती. रंजनाला हसू आलं. तेवढ्यात मनात आलं, आपण आता घरी जाणार, म्हातारी विचारणार. आपण खात्री करून घेतलेली बरी.

"वर्षे, ती समोरची पाटी दिसते का?"

"हूं."

"तिच्याखाली कोण बसलाय?"

"भाजीवाली. वांगी हायत," वर्षा बोळ्यातून बोबडं बोलली.

इथेच थांबली असती तर! पण भीती अशी अर्ध्यावर थोडीच सोडते? दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर डाव्याचं कसं कळणार, असं तिच्या मनाने घेतलं. तिने वर्षाच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला.

"आता सांग. भाजीवाली काय करते?"

वर्षाने मान इकडून तिकडे वळवली.

"अगं, सांग ना."

"कुठं हाय?"

रंजनाने बोट दाखवलं. "समोर! ती काय समोर!"

"काय तरी हिरवा हिरवा हाय. पुसल्यासारखा."

तळव्याखाली पोरीच्या पापण्या फडफडत होत्या. रंजनाने हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. आपला चेहरा तिच्या नाकाशी नेला, लांब नेला. लांब नेला की पोरगी नुसती हवेत बघायची. गेला. डोळा गेला. सगळा पाडा सांगत होता, सासू सांगत होती, परका मुकादमसुद्धा सांगत होता, आणि आपण आपल्या पायांनी पोरीला घेऊन आलो, आपल्या हातांनी तिला त्या खुर्चीत दाबून धरलं!

"आये, काय झालं? तू का रडतेस?"

रंजनाने तिला उचललं. आठ वर्षांची पोर, काखेत मावत नाही, पण तशीच उचलून ती दवाखान्याकडे धावत सुटली. पिशवी पारावरच राहिली. लोक बघत होते. बघू देत मेले!

डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. रंजनाने दारातूनच ओरडून सांगितलं, "माझ्या पोरीचा डोळा गेला! तुम्ही बोललात काय होत नाय, आणि डोळा गेला!"

बाहेरच्या बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. एका बाईने आपल्या पोराचं तोंड पदराने झाकलं आणि त्याला ओढत बाहेर नेलं. डॉक्टरीणबाईंनी वर्षाचा उजवा डोळा झाकून स्वतः विचारून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पार उतरलं. डॉक्टरच घाबरला म्हटल्यावर राहिलं काय?

"चला माझ्याबरोबर," बाई एवढंच म्हणाल्या.

डोळे तपासणारे डॉक्टर पलीकडच्या खोलीत बसत. वयस्क, हळू बोलणारे. त्यांनी वर्षाला अंधारात बसवलं, डोळ्यात उजेड टाकला, थेंब घातले, थांबवलं, पुन्हा उजेड टाकला. रंजना भिंतीला टेकून उभी होती. ओठांतल्या ओठांत ती गावदेवीला सांगत होती, माझा घे. माझे दोन्ही घे. पोरीचा सोड.

शेवटी डॉक्टरांनी दिवा लावला आणि वर्षाच्या समोर स्टूल ओढून बसले.

"बाळ, या डाव्या डोळ्याने तुला कधीपासून असं पुसट दिसतं? आजपासून?"

वर्षाने मान हलवली. नाही.

"मग?"

"पहिल्यापासून."

"आईला का नाही सांगितलंस?"

वर्षाने आधी डॉक्टरांकडे, मग आईकडे पाहिलं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. "काय सांगायचा? सगळ्यांचा असाच असतो ना? एक डोळा बघायला, आणि एक नुसता."

रंजना खाली बसली. तिला वाटत होतं, आपल्याला आता हायसं वाटायला हवं. दात काढून काही झालं नव्हतं. पण कसलं हायसं! आठ वर्षं या पोरीला तिने न्हाऊ घातलं होतं, डोळ्यांत काजळ घातलं होतं, रोज. आणि त्यातला एक डोळा बघतच नव्हता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर, उजवा चांगला. सगळं काम उजवाच करत राहिला, म्हणून डावा बघायला शिकलाच नाही. आळशी डोळा म्हणतात याला. बाहेरून कुणाला ओळखू येत नाही.

"शाळेत डोळे तपासायला आले होते ना?"

"आम्ही वसईला होतो. दिवाळीनंतर कामावर जातो, पोरीला घेऊनच."

"हं." त्यांनी चष्म्याचा कागद लिहिला. मग वर्षाच्या उजव्या, चांगल्या डोळ्यावर कातडीच्या रंगाची गोल पट्टी चिकटवली. "चष्मा येईल तेव्हा येईल, पट्टी आजपासून. शाळा सुटेपर्यंत रोज. आज झोपेपर्यंत राहू दे. चांगला डोळा झाकला की डाव्याला बघावंच लागेल. ती अडखळेल, रडेल, काढ म्हणेल. काढायची नाही."

"मग डोळा येईल?"

"आधी आली असतीस तर नक्की म्हणालो असतो. हे वय म्हणजे दार लागत आलेलं असतं. करून बघू. पण पट्टी चुकवलीस तर मात्र नाहीच."

परतीच्या जीपमध्ये सगळ्यांचं लक्ष पोरीकडेच. काय झालं, कुठे पडली? रंजना म्हणाली, काही नाही. कुणीतरी म्हणालं, गालपण सुजलाय, दात काढला वाटतं, आणि मग सगळी जीप गप्प झाली. त्या गप्प बसण्याचा अर्थ रंजनाला कळत होता. दिपेशचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पाड्यावर जायच्या आधी काढ ती पट्टी. लोक काय ऐकणार हायत का तुझा? बोलतील, दात काढला नि डोळा गेला. आई तर जीव देईल."

"आज काढायची नाय बोललेत."

"एका दिवसाने काय होतं?"

रंजनाने फोन ठेवला. एका दिवसाने काय होतं हे तिलाही माहीत नव्हतं. तिची बोटं पट्टीच्या कडेशी गेली. वर्षाने आशेने मान वर केली. त्या क्षणी तिला सासूची भीती जास्त होती की लागत आलेल्या दाराची, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. शेवटी तिने बोटं मागे घेतली आणि पोरीचे केस सारखे केले.

फाट्यावर उतरल्यावर बांधावरून चालायचं होतं. भात कापून झालं होतं, खाचरं उघडी पडली होती. वर्षा आईचा हात सोडेना. पाऊल टाकायच्या आधी ती पायाने जमीन चाचपत होती. दगड तिला दगडावर पाय पडल्यावरच कळत होता. रंजना पुढचे दगड पायाने बाजूला सारत चालली.

अंगणात बातमी आधीच पोचली होती. जीपमधल्या कुणाचा तरी फोन पुढे गेला असणार. गौरा होती, आणखी चार बायका होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे सुकी म्हातारी, कंबरेवर हात ठेवून. तिच्या तोंडात शिव्या अगदी तयार होत्या, ते लांबूनच दिसत होतं.

"गेला ना!" गौरा ओरडली. "बोलली होती मी! माझ्या मामाचा..."

"गप बस गौरे," रंजना म्हणाली. "ज्यावर पट्टी हाय तो चांगला डोळा हाय. ज्याला दिसत नाय तो दुसरा हाय, उघडा. तो आज नाय गेला. तो कधीच नव्हता. आपण सगळ्यांनी हिला अंगाखांद्यावर खेळवली, आपल्या कुणालाच दिसला नाय."

कुणाचाच विश्वास बसला नाही. कसा बसेल? उघडा डोळा तर छान होता, काळाभोर, सगळ्यांकडे बघणारा. सुकी म्हातारी तरातरा पुढे झाली आणि नातीच्या पुढ्यात, चार पावलांवर, उभी राहिली. वर्षाने आईचा हात सोडला. दोन्ही हात पुढे धरून ती एक पाऊल आली, थांबली, आणि मान उचलून त्या उघड्या डोळ्याने आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारीचे ओठ हलले, पण तयार ठेवलेल्यातलं एक अक्षर बाहेर पडलं नाही.

"आये," वर्षा म्हणाली, "ही कोण उभी हाय? आजी, का गौराकाकी?"

सुकी म्हातारीचे हात कंबरेवरून खाली आले.

"कोणतरी बोला ना," ती रडकुंडीला आली. "तुम्ही बोलल्याबिगर मला कसा कळंल?"