गजेंद्र अजून पाण्यात

काळाचौकीच्या त्या चाळीत गुरुवारचं कीर्तन संध्याकाळी सातला व्हायचं. आज मात्र रघुवीरबुवा भर दुपारी बाराला चिपळ्या घेऊन उभे राहिले. समोर सतरंजीवर सात म्हाताऱ्या आणि प्राध्यापक पद्मजा विजयकर. तबलजी नोकरीवर गेलेला, त्यामुळे नुसत्या पेटीवरच भागवायचं होतं.

दोष पद्मजाबाईंचाच होता. जमिनीचा वापर आणि नगररचना, हा कायदा त्यांनी तीस वर्षं शिकवला. तेरा वर्षांपूर्वी इथली कोणती जागा कशासाठी वापरतात, याची सरकारी पाहणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. मुलं आली सकाळी अकराला. मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या या हॉलला कुलूप. खिडकीतून गुंडाळलेल्या सतरंज्या आणि मांडवाचे बांबू दिसले. मुलांनी लिहिलं, ‘गोदाम’. बाईंनी खाली सही केली. संध्याकाळी पुन्हा जाऊन बघा, एवढं काही त्यांना सुचलं नाही.

आता चाळ पाडून टॉवर होणार होता. कीर्तनाच्या हॉलला नव्या इमारतीत जागा द्यावी लागते, गोदामाला नाही. नव्या नकाशात हॉल नव्हताच.

दोन दिवसांपूर्वी बाई नियोजन कार्यालयात गेल्या. टेबलामागे धनेश, त्यांचाच जुना विद्यार्थी.

“मॅडम, हरकतीची मुदत संपली हो.”

“चूक माझी आहे. तसं लिहून देते.”

“नका लिहू. याच पाहणीवर बाकीच्या चाळींना जागा मिळाल्यात. एक नोंद खोटी म्हटलंत, की बिल्डरचे वकील सगळ्याच खोट्या ठरवतील.”

“मग मी करू काय, धनेश?”

त्याने फाइल पुढे ओढली. “जागेवर वापर चालू दिसला तर नोंद बदलता येते. गुरुवारी निरीक्षक पाठवतो, बारा-एकच्या सुमारास. चारला फाइल वर जाते. मग माझ्या हातात काही नाही.”

“कीर्तन सातला असतं रे!”

“मॅडम, निरीक्षकाला दिसतं तेच खरं, हे तुम्हीच शिकवलंत.”

बुवांनी आख्यान लावलं गजेंद्रमोक्षाचं. मगरीने हत्तीचा पाय धरलाय, हत्ती देवाला हाका मारतोय. देव आला की हत्ती सुटणार, हत्ती सुटला की आरती, आणि आरती झाली की बायका घरी. मग निरीक्षकाला रिकामा हॉलच दिसायचा. “लांबवा, बुवा,” बाईंनी आधीच विनवलं होतं.

एक वाजला. बुवांनी सरोवरातली कमळं वर्णिली. दीड वाजला. हत्तीच्या सगळ्या नातेवाइकांची नावं सांगून झाली.

दुसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबाई उठल्या. “बुवा, सोडवा बघू त्या हत्तीक! माका जेवणाचा बघूचा आसा.”

“देव निघालाय, आनंदीबाई. लालबागच्या ट्रॅफिकमध्ये गरुड अडकलाय.”

सगळ्या हसल्या. पद्मजाबाई दाराकडे बघत होत्या. धनेश फोन उचलत नव्हता.

तीनला तिघीच उरल्या. बुवांचं वय अठ्ठ्याहत्तर, आवाज फाटलेला. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “अठ्ठेचाळीस वर्षं इथे उभा राहतोय. देवाला एवढा वेळ कधी थांबवून ठेवलं नव्हतं.”

“माझ्यामुळे थांबलाय तो.”

“मग हाक तुम्हीच मारा की.”

बाई जन्मात कधी चारचौघांत गायल्या नव्हत्या. त्यांनी झांजा उचलल्या आणि “विठ्ठल, विठ्ठल” सुरू केलं. सूर कुठल्या कुठे. तरी थांबेनात. जिना चढलेल्या आनंदीबाई परत खाली आल्या. “भात करपलो तर करपान्दे,” म्हणत मांडी घालून बसल्या आणि टाळ्यांचा ठेका धरला.

दारात कोणी आलं नाही. पावणेचार. एकदा पावलं वाजली, बाईंनी वळून पाहिलं. कुरिअरवाला होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. पेटी थांबली. बुवांनी घाम पुसला आणि बाईंकडे पाहिलं. आता आणू का देवाला, एवढंच त्या नजरेत होतं.

पद्मजाबाईंनी मान हलवली. नाही.

बुवांनी डोळे मिटले, पेटीवाल्याला खूण केली आणि हत्तीची हाक पुन्हा पहिल्यापासून उचलली.