वाऱ्याची खुंटी

मित्रांनो, मी एक जुनी खुंटी आहे. कपडे टांगायची नव्हे, जमिनीत ठोकायची. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण शेवटी माझं काय झालं ते ऐकून तुम्ही हसणार आहात.

माझा जन्म डोंगरात झाला. वाऱ्याने मोडून पडलेल्या अर्चाच्या झाडाची एक फांदी काचिबेकने उचलली, कुऱ्हाडीने तासली आणि तिचं टोक विस्तवावर भाजून कडक केलं. अर्चाचं लाकूड सुवासिक असतं आणि सहसा कुजत नाही, याचा मला अजूनही थोडा तोरा आहे. काचिबेकचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. उन्हाळा आला की तो आणि त्याची बायको बुरुल मेंढ्या घेऊन उंचावरच्या कुरणावर जात आणि आपलं गोल घर उभारत. आत लाकडी सांगाडा, वरून लोकर कुटून केलेला जाड नमदा, आणि दार नेहमी उगवतीला.

त्या घराच्या छताला मधोमध गोल झरोका असतो आणि त्यातून एक दोर खाली लोंबतो. एरवी तो नुसता शोभेला. वारा उठला की मात्र मला घराच्या बरोबर मध्यात ठोकत आणि तो दोर माझ्याशी आवळून बांधत, म्हणजे घर जागचं हलत नसे. एका दुपारी काचिबेक मेंढ्यांमागे गेला असताना गारांचं वादळ आलं. जमीन भिजून मऊ झाली आणि मी सरकू लागले. मला वाटलं, गेलं हे घर दरीत. तेवढ्यात बुरुलने हातातली पळी टाकली, दोर कमरेला गुंडाळला आणि ती चक्क माझ्यावरच बसली.

"उपटायचं तर मलाही उपट," ती वाऱ्याला म्हणाली.

काचिबेक परतला तेव्हा घर उभं होतं आणि बायकोच्या कमरेवर दोराचे वळ होते. बराच वेळ एक हात माझ्यावर ठेवून बसून राहिला. तेव्हापासून त्याच्या लेखी मी घराचा मध्य झाले.

पुढे बुरुल गेली. काचिबेकचे गुडघे धरले. मेंढ्या विकल्या, गोल घर पुतण्याला दिलं आणि म्हातारा खाली गावात मुलाकडे राहायला आला. सोबत त्याने मला तेवढं आणलं. आणलं आणि कांद्याच्या पोत्यामागे ठेवलं, हेही सांगायला हवं. दोन वर्षं मी तिथे धूळ खात पडले. मुलगा एर्मेक आणि सून नाझिरा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. एर्मेक ट्रकने बटाटे शहरात नेत असे. थंडीत ट्रक बाहेर उभा राहून असा गारठायचा, की सकाळी त्याच्या पोटाखाली निखाऱ्यांची पाटी सरकवावी लागे. म्हणून समोरच घराला जागा मिळाली तेव्हा एर्मेक आधी गॅरेजचं बोलला आणि मग घराचं.

जून महिना होता. म्हाताऱ्याने मला पोत्यामागून काढलं, बाहीने पुसलं आणि त्या जागेच्या बरोबर मध्यात ठोकलं. मग माझ्याशी दोर बांधून चारी कोपरे आखले.

"खुंटी मध्यात, दार उगवतीला," तो म्हणाला. "तुझ्या आईचं घर असंच असायचं."

मित्रांनो, कुरणावर हे अगदी बरोबर होतं. पण कुरणाला कुंपण नसतं. इथे घर मधोमध आल्यावर चारी बाजूंना नुसत्या पट्ट्या उरल्या आणि ट्रक कुठूनही वळेना. रस्ता पूर्वेला. रस्त्यालगतचे दोन कोपरे तेवढे गॅरेजपुरते होते. त्यातला डावा म्हाताऱ्याने साफ नाकारला, कारण सूर्य तिकडूनच, रस्त्यापलीकडच्या डोंगराच्या डाव्या खांद्यावरून वर येत होता आणि त्याच्या खोलीची खिडकी त्याला तिकडेच हवी होती. गुडघे उन्हात शेकत पडणं, एवढंच आता त्याचं मागणं होतं. तेव्हा गॅरेज उजव्या कोपऱ्यात ठरलं.

नाझिराने तोंड उघडलं आणि मिटलं. ती खालच्या खोऱ्यातली, बारा महिने एकाच घरात वाढलेली. म्हाताऱ्याने आपल्या हाताने उभारलेली घरं सगळी उन्हाळ्यातली. थंडीत सूर्य जागा बदलतो, पार उजव्या खांद्यावरून उगवतो, हे कुरणावरच्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं? पण आमच्याकडे सून सासऱ्याचं नावसुद्धा घेत नाही, मग चारचौघांत त्याचा शब्द कसा खोडणार? त्यातून तो शब्द सासूच्या आठवणीचा.

गवंडी वसंताआधी मोकळा होणार नव्हता. नाझिराने नवऱ्याला एवढंच सांगितलं, की तोवर ट्रक गॅरेजच्या आखलेल्या जागेतच उभा करत जा.

"छप्पर नसलेल्या गॅरेजात?" एर्मेक हसला. "लोक म्हणतील, ह्याला घाई झालीय."

"म्हणू देत. तू लाव."

हिवाळा आला. मी जमिनीत गोठून गेले. एका सकाळी आभाळ लख्ख होतं आणि ऊन पडलं होतं. नाझिरा रंगीत नमदा बगलेत मारून आली आणि तिने तो बर्फावर अंथरला, बरोबर त्या जागी, जिथे म्हाताऱ्याची खोली येणार होती. वर उशा मांडल्या, कणकेचे तळलेले बोरसोक ठेवले, किटली ठेवली. मग सासऱ्याला बोलावून आणलं. म्हणाली, बाबा, आज तुमच्या खोलीत चहा घेऊ.

म्हाताऱ्याला गंमत वाटली. तो ऐटीत बसला, टोपी सारखी केली, चहाचा घोट घेतला. पाठोपाठ एर्मेकही आला. सगळीकडे ऊन होतं. कुंपणावर होतं, रस्त्यावर होतं, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरसुद्धा होतं. नमद्यावर मात्र ट्रकची लांबलचक सावली पडली होती आणि ती तिथून हलत नव्हती. दुसरा पेला झाला. म्हातारा गुडघे चोळू लागला. मग त्याने ट्रककडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, डोंगराच्या दोन्ही खांद्यांकडे पाहिलं आणि शेवटी सुनेकडे पाहिलं. नाझिरा मान खाली घालून बोरसोक पुढे सरकवत होती.

"पोरी," तो म्हणाला, "चहा गार झाला."

"गरम करून आणू, बाबा?"

"किटली तापवून काय होणार? जागाच गार आहे." त्याने पेला खाली ठेवला. "कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"जूनपासून."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही आईंचं नाव घेतलंत. मग माझी जीभच उचलेना."

म्हातारा माझ्याकडे पाहू लागला. मला उपटायचं म्हणजे त्याला काय वाटत असेल, हे मला कुणी सांगायला नको. ज्या जागी बुरुल बसली होती ती जागा त्याने इथे मनाने आणून ठेवली होती, आणि आता ती हलवायची होती. मला फार वाईट वाटलं त्याचं.

मग नाझिरा हळूच म्हणाली, "बाबा, आई असत्या तर त्यांनी आधी सूर्य बघितला असता आणि मग दार लावलं असतं."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने हाताने डोळे पुसले, मग किटली उचलली आणि उरलेला चहा माझ्या बुडाशी ओतला. चहा संपला तेव्हा नाझिरा गरम पाणी घेऊन आली. तीन किटल्या ओतल्यावर मी सुटले. उजवीकडे उन्हात, मागे सरकून, एर्मेकने पहार मारून भोक केलं आणि म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने मला पुन्हा ठोकलं. तो माझ्याशी कुजबुजला, "बुरुल, जरा सरकून बस."

वसंतात गॅरेज डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं. ट्रक सरळ रस्त्यावर निघू लागला आणि खिंडीतून येणारा बोचरा वारा गॅरेजच्या पाठीवर आपटून थांबू लागला. घराची जमीन करताना गवंड्याने मला जळणात टाकायला काढलं, तेव्हा म्हातारा त्याच्यावर असा खेकसला, की बिचाऱ्याच्या हातातली थापी पडली. मग मला भिंतीत बसवलं, म्हाताऱ्याच्या उशाशी. तर मित्रांनो, हसा आता. माझ्यावर त्याची पांढरी नमद्याची टोपी टांगलेली असे.

चार हिवाळे तो त्या खिडकीपाशी गुडघे शेकत बसला. पाचव्याच्या आधी गेला. टोपी अजून माझ्यावरच आहे. जोराचा वारा सुटला की म्हातारा झोपेतूनही हात वर करून माझ्यावर ठेवायचा. आता वारा सुटला की नाझिरा हातातलं काम टाकून येते आणि माझ्यावर हात ठेवून उभी राहते. ती हे का करते, ते तिला कुणी विचारलेलं नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही घर बांधाल. गाडीसाठी जागा जरूर ठेवा. पण आखणी करण्याआधी घरातलं म्हातारं माणूस जिथे बसणार आहे तिथे एकदा थंडीत, सकाळच्या वेळी, त्याच्यासोबत चहा घ्या. आणि त्याची एखादी जुनी खुंटी सापडली, तर ती जळणात टाकू नका.