प्रिंटरच्या पायाखालची पट्टी

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे, मित्रांनो. बारा इंचांची. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर आणि मधे गंजाचा एक डाग. महाडच्या एस.टी. स्टँडजवळ रऊफभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी राहते. दुकानात नेमकी कुठे, हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. नव्या फोटो-प्रिंटरच्या मागच्या डाव्या पायाखाली. टेबल एका बाजूला उतरतं आहे, त्यामुळे प्रिंटर चालू झाला की डुगडुगायचा, म्हणून मला तिथे सरकवलं. ज्याने माझं राज्य घेतलं, त्यालाच मी पाठीवर घेऊन पडले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, कडा घासल्या, रेघा कोरल्या आणि झाले मी. रऊफभाई कुवेतची नोकरी सोडून कायमचे परत आले आणि त्यांनी हे दुकान थाटलं, त्याच आठवड्यात बाजारपेठेतून मला विकत आणलं. त्या दिवसापासून माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. कशेडीच्या घाटातून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या पावत्या असोत की लग्नाच्या पत्रिका, आधी मी कागदावर आडवी पडायची आणि मगच मशीन सुरू व्हायचं.

ते म्हणायचे, छपाईत मापं तीन. एक कागदाचं, दुसरं चित्राचं आणि तिसरं या दोहोंच्या मधे कोऱ्या सोडलेल्या जागेचं. शाळेत तुम्ही वहीच्या कडेला रेघ मारून समास सोडता ना, तीच ही जागा. एकदा हिरकणीवाडीचा श्रीपत नावाचा खाणावळवाला दरपत्रक छापायला आला आणि अक्षरं अगदी काठापर्यंत हवीत म्हणून हटून बसला. आख्ख्या कागदाचे पैसे देतोय, मग जागा कोरी कशाला सोडायची, असं त्याचं म्हणणं. रऊफभाईंनी शांतपणे विचारलं, "खिळा कुठे मारणार? पिठल्यावर की भाकरीवर?" श्रीपत हसला आणि मी त्याच्या कागदावर चारी बाजूंनी पाऊण-पाऊण इंच मोजून दिला.

मग पूर आला. जुनी मशीनं चिखलात गेली. मी दोन दिवस गाळात पडून होते, पण वाचले, फक्त हा डाग राहिला. मला वाटलं, जुन्यांपैकी मी एकटीच उरले आहे, आता माझं कौतुक होईल. झालं भलतंच. रऊफभाईंना गुडघ्यांनी घरी बसवलं, गल्ल्यावर त्यांची मुलगी तसनीम आली आणि तिच्याबरोबर तो आला. काठोकाठ छापणारा. एक सूतभरही कोरी कड न सोडणारा. गिऱ्हाइकं त्याच्याकडे तोंडात बोट घालून बघायची.

तसनीमने त्याच्यासाठी स्वतःच्या जुन्या ओढणीचं झाकण शिवलं. रोज सकाळी मऊ फडक्याने त्याचं तोंड पुसायची. मला मात्र अडकलेला कागद उकरायला, चिकटपट्टी खरवडायला आणि शेवटी त्याच्या पायाखाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्याची शाई संपावी, त्याने कागद चावावा, एकदा तरी त्याचं सगळ्यांसमोर हसं व्हावं, एवढीच माझी रोजची इच्छा होती. आणि मित्रांनो, ती एका मंगळवारी पुरी झाली.

त्या दिवशी उमरठहून आवडीआजी आल्या. त्यांच्या पिशवीत सागवानी फळीची एक चौकट होती, काचेसकट. ती त्यांच्या नवऱ्याने, गोमाजींनी, स्वतः केलेली. गोमाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसऱ्याच दिवशी वर्षश्राद्ध होतं आणि घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मुंबईच्या नातीने, ऋतिकाने, कुणाच्या तरी लग्नातला एक फोटो तसनीमच्या मोबाइलवर पाठवला होता. सात माणसं ओळीने उभी. डाव्या टोकाला आवडीआजी, उजव्या टोकाला गोमाजी, मधे वऱ्हाडी. तो याच चौकटीत बसवून दुपारच्या गाडीने न्यायचा होता.

तसनीमने आधी एकट्या गोमाजींना कापून घेतलं आणि कागदभर मोठं केलं. पडद्यावर ठीक वाटलं. पण फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो आणि गोमाजींच्या वाट्याला आडवे जेमतेम दीडशे ठिपके आले होते. ते आठ इंचांवर पसरले, तेव्हा चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. आजी कागद जवळ घेऊन बघत राहिल्या.

"ह्यो आमचा मानूस नाय गो," त्या म्हणाल्या. "ही तर भाताची खाचरं हायत."

मी पायाखालून खुदकन हसले.

तसनीमने मग सगळा फोटो घेतला आणि दहा बाय आठचा कागद काठोकाठ भरायला सांगितला. फोटो लांबट, कागद त्यामानाने चौकोनी. उंची भरायची म्हणून त्या शहाण्याने दोन्ही टोकं छाटली. मधले वऱ्हाडी ठसठशीत आले, नवरा-बायको दोघंही कागदाबाहेर. तिसऱ्या वेळी तिने पूर्ण फोटो दहा इंच रुंदीत बसवला. सातही जण आले. तिने तो मागून चौकटीत घातला आणि चौकट सुलटी करून आजींपुढे धरली. चौकटीच्या लाकडाखाली गोमाजी अर्धे गेले होते. एक कान, एक डोळा, एक खांदा गायब.

आजी हळूच म्हणाल्या, "जिता हुता तवाबी असाच दाराआड उभा ऱ्हायचा."

त्यांनी पदराने डोळे पुसले. मित्रांनो, खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला होता. तो हरला, एवढंच मला दिसत होतं. म्हातारीच्या डोळ्यांतलं पाणी मला दिसलंच नाही. आज त्याची शरम वाटते.

तसनीमने चौकट उलटसुलट केली, बोटांनी मापून पाहिली. मग वाकून प्रिंटर उचलला आणि मला ओढून काढलं. किती दिवसांनी माझ्या अंगाला माणसाचा हात लागला. तिने चौकट मागून मोजली, दहा बाय आठ. समोरून मोजली, साडेनऊ बाय साडेसात. "पाव-पाव इंच चौकटच खाते," ती स्वतःशी म्हणाली. तिने फोटोची रुंदी नऊ इंच केली. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच कोरा, वर-खाली दीड-दीड. माझ्या जागी तिने पुठ्ठ्याची घडी सरकवली. प्रिंटर पुठ्ठ्यावरही सरळ उभा राहिला, हे बघून मला पुन्हा झोंबलं. रंग त्याने चांगले भरले, हेही कबूल करावं लागलं.

चौकटीत फोटो बसला. पांढऱ्या काठाच्या आत सातही जण आख्खे. आजींनी काचेवरून एक बोट डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत नेलं. ते बघून तसनीमला राहवलं नाही.

"आजी, मधली माणसं काढून आजोबांना तुमच्या शेजारी आणू? पाच मिनिटांत होईल."

मी गार झाले. मोजलं मी, आणि आता शाबासकी पुन्हा त्या पडद्याला. आजींनी चौकट आपल्याकडे ओढून घेतली.

"नको गो बाय," त्या म्हणाल्या. "चारचौघांत माज्या बाजूला उभा ऱ्हायला लाजायचा त्यो. हाय थितंच ऱ्हाऊ दे. आक्खा दिसतोय, बास."

चौकट पदरात गुंडाळून त्या गाडीला गेल्या.

चार दिवसांत पुठ्ठा दबला आणि मी पुन्हा त्याच्या पायाखाली गेले. माझा मत्सर गेला, असं समजू नका. प्रिंटर घरघरला की आजही पोटात दुखतं. पण तुम्हांला एक विनवणी आहे. छापण्याआधी पट्टी हातात घ्या. कागद मोजा, चित्र मोजा, चौकट किती खाते तेही मोजा आणि काठाला थोडी जागा सोडा. फोटोत कडेला उभी राहणारी माणसं, आपण दिसत नाही म्हणून कधी तक्रार करत नाहीत.