कच्च्या मुलाम्याचा झगा

धाकट्या बहिणीला गाण्याच्या कार्यक्रमासाठी चंदेरी झगा हवा होता, आणि दादा कारखान्यात कापडावर धातूचा मुलामाच चढवायचा. बंद पेटीतली हवा उपसायची, चांदी तापवून तिची वाफ करायची, की ती सुती कापडावर अगदी पातळ बसते. मात्र सूत आतल्या आत ओल धरून ठेवतं. आधी ते गरम कपाटात नीट सुकवावं लागतं, नाहीतर मुलामा पक्का धरत नाही. दादाला पेटी जेवणाच्या सुट्टीपुरतीच मिळाली होती. "हाताला तर कोरडंच लागतंय," म्हणत त्यानं कापड तसंच आत सरकवलं.

गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी झगा बेतून शिवला. बहीण मंचावर उभी राहिली तेव्हा दादाची छाती फुगली. पण दिव्यांच्या धगीनं तिला घाम फुटला आणि दुसऱ्या गाण्यापर्यंत तिची मान, मनगटं करड्या डागांनी माखली. काखेपाशी तर मुलामा सोलूनच निघाला. पुढच्या रांगेत खसखस पिकली.

"हे काय झालं हो?" कार्यक्रमानंतर बहिणीच्या गायन मंडळातल्या बायकांनी विचारलं.

कारण दादाला पक्कं ठाऊक होतं. तोंडातून मात्र निघालं, "मावशींनी इस्त्री कडक फिरवली असणार. मी बजावलं होतं."

मावशी सभागृहाच्या दारातच उभ्या होत्या. ते ऐकून त्या निघून गेल्या.

आठवड्याभरात मंडळातल्या बायकांनी शिवायला दिलेली कापडं मावशींकडून परत नेली. बहिणीनं जेवताना हे सांगितलं आणि दादानं ताट बाजूला सारलं. तो तसाच उठून मावशींकडे गेला.

"मावशी, चूक माझी होती. कापड मी सुकवलंच नव्हतं."

मावशींनी मशीन थांबवलं नाही. "इस्त्रीला मी हातसुद्धा लावला नव्हता. पण माझ्या कानात सांगून काय होणार? चारचौघांत बोललात, चारचौघांतच मागे घ्या."

मंडळाच्या पुढच्या तालमीला तो गेला. जुळवून ठेवलेले शब्द ऐन वेळी पळाले. "झगा मी बिघडवला. वर खोटंही मीच बोललो," एवढंच म्हणाला. कुणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. सगळ्या खाली बघत राहिल्या.

दोघींनी कापडं पुन्हा मावशींकडे दिली. बाकीच्यांनी तोवर दुसरीकडे शिवून घेतली होती.

घरी जाताना बहीण म्हणाली, "डागांचं मला काही नाही रे दादा. तू मावशींचं नाव घेतलंस ना, तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं."

दादा तिच्या मागे मागे चालत राहिला.