उशा सरकवणाऱ्या सिस्टर

"नुसत्या उशा सरकवायचा पगार घेतात का ह्या बाई?" मामांनी विचारलं, आणि जिन्याजवळच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या आठ जणांत एकदम माना हलल्या.

आठ जण! हृदयविभागात आत पेशंट एक, आणि बाहेर अख्खं वऱ्हाड. तुमच्या-आमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं की असंच होतं, नाही का? फोन फिरतात, माणसं निघतात आणि जो तो म्हणतो, "मी फक्त तोंड दाखवून येतो!"

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. एका वाक्याची गोष्ट तासभर लांबवायची हातोटी असल्यामुळे घरातली तरुण मंडळी त्यांना मागून 'पाल्हाळमामा' म्हणत. माणूस लोण्यासारखा मऊ, पण जिभेला कुलूप नाही. आज त्यांच्या मांडीवर एक कागद होता. मेट्रनबाईंच्या नावाने तक्रारअर्ज. खाली सात सह्या झाल्या होत्या. आठवी राहिली होती बाकाच्या टोकाला बसलेल्या सुनेची.

"सूनबाई, तुझी सही तर हवीच, शिवाय तुझी ती वहीही जोडायची," मामा म्हणाले. "तासातासाचा हिशेब आहे त्यात. चार वाजता मेट्रनबाई येतात. आज ह्या सिस्टरची बदली झालीच पाहिजे!"

वही खरं तर तिच्या लेकीची होती. लेक अवघी दहा महिन्यांची. किती वाजता दूध प्यायली, किती वेळ झोपली, ताप होता का, सगळं ती लिहून ठेवायची. नवरा चिडवायचा, "शिंक कितव्या सेकंदाला आली तेही लिही!" तिचा स्वभावच काळजीचा. चार दिवसांपूर्वी सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा लेकीला सासूबाईंच्या हवाली करून ती दवाखान्यात ठाण मांडून बसली, आणि त्याच वहीत मागच्या पानापासून सासऱ्यांचं लिहू लागली. खाटेशेजारच्या यंत्राच्या पडद्यावर नाडीचा आकडा दिसे. जो नातेवाईक आत जाऊन येई, त्याला ती आकडा विचारायची. स्वतः आत असली की दर पाच मिनिटांनी टिपायची.

सासरे शाळेत कवायत शिकवत. आयुष्यभर ताठ कण्याने वावरलेला माणूस. डॉक्टरांनी बंद झालेली रक्तवाहिनी वेळेत उघडली होती. पण हृदय थकलं होतं, फुफ्फुसात थोडं पाणी साचलं होतं. आणि काल दुपारी त्यांचा श्वास अचानक असा काही फुलला, की ओठ निळसर पडले. डॉक्टर धावत आले, औषधं वाढवली, विभागातला मुक्काम दोन दिवसांनी लांबला. मामांच्या अर्जात हेच ठळकपणे लिहिलं होतं : 'सिस्टर त्या वेळी खाटेजवळ नव्हत्या. त्यांच्या हलगर्जीपणामुळे पेशंट अत्यवस्थ झाला.'

ते वाक्य वाचल्यापासून सुनेने पेनाला हात लावला नव्हता. कारण काल दुपारी काय झालं, ते त्या आठ जणांत फक्त तिलाच ठाऊक होतं.

"कालचं पान काढून दे, नक्कल करतो," मामांनी हात पुढे केला.

"मीच करते," ती घाईने म्हणाली आणि वही उघडली.

पहिल्या दिवशी दुसरी सिस्टर होती, भिडस्त. तिने सगळ्यांना आत सोडलं होतं. पान सांगत होतं : 'चार वाजता : ८४. चार दहा : मामा, आत्या, शेजारचे दोघे. १०८. चार वीस : ११२.' तिला तो प्रसंग लख्ख आठवला. मामा खाटेवर रेलून म्हणत होते, "दाजी, काही घाबरू नका. आमच्या हेडक्लार्कला अगदी असंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी उठून बसला, हसला, आणि…"

"आणि?" बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं होतं.

"जाऊ दे. तुम्ही आराम करा!"

मग पाच वाजता आताच्या ह्या सिस्टर कामावर आल्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, आवाज मात्र कानाशी कुजबुजल्यासारखा. आल्या आल्या त्यांनी एकट्या सुनेला ठेवून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हापासून मामांचा डोळा त्यांच्यावर. पण वहीत काय होतं? 'पाच दहा : सिस्टरने पाठ उचलून बसतं केलं, कोपरांखाली उशा, पडदा ओढला. ९७. साडेपाच : ओल्या बोळ्याने तोंड पुसलं, बोलत बसल्या. ८८. सहा : झोप. ७९.'

तिने दुसरं पान उलटलं. तिसरं उलटलं. आपलेच आकडे, आपलंच अक्षर! माणसं आत गेली की आकडा वर, सिस्टरने उशा सरकवल्या की आकडा खाली. सिस्टरच्या विरोधातला पुरावा म्हणून मामांनी मागितलेली वही सिस्टरचीच साक्ष देत होती.

आणि काल दुपारची ओळ? 'बारा दहा : १२६. श्वास.' त्याच्या आधीची जागा कोरी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिने काहीतरी लिहायचं टाळलं होतं.

"दहा मिनिटं भेटून येते," ती उठली.

"सही?"

"आल्यावर."

आत बाबा डोळे मिटून उशांना टेकले होते. सिस्टर त्यांच्या पायांवर पांघरूण सारखं करत होत्या. "शू!" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच लागलाय डोळा."

तिला राहवलं नाही. पडद्याबाहेर येऊन हलक्या आवाजात ती म्हणाली, "सिस्टर, मला एक सांगायचंय. काल बाबांना त्रास झाला तो तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. तुम्ही खाटेजवळ ती भांड्याची खुर्ची ठेवली होती ना, शौचाची, तिच्यावर बसायला त्यांना लाज वाटली. तुम्ही पलीकडच्या आजींकडे होतात. बाबा म्हणाले, 'सूनबाई, आठ पावलांवर बाथरूम. नुसता हात दे.' त्यांनीच छातीवरच्या तारा काढल्या, आणि मी… मी नाही म्हणू शकले नाही."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मला ठाऊक आहे."

"कसं?"

"त्यांच्या सपाता ओल्या होत्या. डॉक्टरांनाही मी लगेच सांगितलं. लपवून चालत नाही."

"मग मला का नाही बोललात? बाहेर तुमच्याविरुद्ध अर्ज लिहिलाय!"

"असे अर्ज दर महिन्याला येतात हो!" सिस्टर हसल्या. "तुमचा चेहरा कालच उतरला होता. आणखी काय बोलायचं? शिवाय चूक माझीही होती. खुर्ची ठेवली, पण ती का ठेवली हे मास्तरांना नीट समजावलं नाही. माणसाचं हृदय आजारी पडतं, त्याची लाज थोडीच आजारी पडते?"

"पण सिस्टर, खरं सांगू? आम्हाला वाटायचं, औषध डॉक्टर देतात, इंजेक्शन डॉक्टर लिहितात. मग तुम्ही नुसत्या उशाच तर…"

"तुम्हाला तान्हं मूल आहे ना?" सिस्टरनी मध्येच विचारलं. "दिवसभर किरकिर करून बाळ कसंबसं झोपलं. तुम्ही दार अलगद लोटता, भांडं वाजू देत नाही. आणि तेवढ्यात चार पाहुणे येऊन म्हणतात, 'जरा गाल बघू!' काय वाटतं तुम्हाला?"

"अंगाचा तिळपापड होतो!"

"मास्तरांचं हृदय आज तसंच आहे. आत्ताच झोपलेल्या बाळासारखं. पाठ उंच केली की श्वासाला जागा मिळते. कोपरांखाली उशी दिली की खांद्यांचा भार उतरतो. सगळी कामं एकदम उरकली की मधली झोप मोडत नाही. भीती कमी झाली की नाडी उतरते. औषध आपलं काम करतंच ताई, त्याला पर्याय नाही. पण ते काम करत असताना कोणी त्याच्या वाटेत येऊ नये, हे बघणं माझं काम!"

सुनेने वही पुढे केली. सिस्टरनी पानं चाळली, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणी आपलं काम लिहून ठेवलेलं पाहून त्यांचे डोळे पाणावले.

तेवढ्यात आतून हाक आली. "सिस्टर… ती खुर्ची…" बाबांचा चेहरा ओशाळला होता.

सिस्टर आत गेल्या. "मास्तर, कवायतीत 'सावधान' हा हुकूम, तसा 'विश्राम' हाही हुकूमच ना?"

"अर्थातच!"

"तो न पाळणाऱ्या पोराचं तुम्ही काय करायचात?"

बाबा मिशीतल्या मिशीत हसले. "मैदानाबाहेर काढायचो. आणा ती खुर्ची. सूनबाई, तू बाहेर हो!"

सून बाहेर आली. चारला पाच मिनिटं कमी होती. मामांनी पेन पुढे केलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. "मामा, काल बाबांना बाथरूमपर्यंत मी चालवत नेलं होतं."

बाकावर बसलेल्या नवऱ्याने तिच्याकडे चमकून पाहिलं. "तू? आणि मला बोलली नाहीस?"

"घाबरले होते. दुसऱ्याच्या माथ्यावर खापर फुटत होतं आणि मी गप्प बसले. आता ऐका सगळे!" आणि तिने वहीची पानं एकेक करून मोठ्याने वाचली. कोण आलं, किती आकडा. कोण गेलं, किती आकडा. आत्याने हळूच पर्स मांडीवर घेतली. शेजारच्यांना एकदम कामं आठवली.

"म्हणजे माझ्या वेळेला…?" मामांचा आवाज बसला.

"एकशे बारा, मामा."

"आणि त्या सिस्टरच्या वेळेला?"

"एकोणऐंशी."

मामा गप्प झाले. पाल्हाळमामा गप्प! पूर्ण एक मिनिट! मग त्यांनी अर्जाची चार घड्यांची घडी केली आणि टरकन फाडली. "मी आपला धीर द्यायला जायचो गं," ते पुटपुटले. "दाजींना बघितलं की मलाच भीती वाटायची. भीती वाटली की मी बोलतो."

"मग बोला की," सून म्हणाली. "फक्त इथे बोला. येणाऱ्या माणसाला इथेच अडवा."

आणि मामांनी ते मनावर घेतलं! पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ ते जिन्याजवळच्या बाकावर पहारा देत होते. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते शेजारी बसवत, झटका आला त्या सकाळपासून सगळी हकीकत सांगू लागत. हकीकत अर्ध्यावर येईपर्यंत भेटीची वेळ संपलेली असे. पाहुणा समाधानाने म्हणे, "छान, सगळं कळलं!" आणि जिना उतरे. आत बाबा शांत झोपलेले असत. जिभेला कुलूप नसण्याचा एवढा उपयोग कधीच कोणाला झाला नव्हता.

पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने सिस्टरनी बाबांना उभं केलं. बाथरूमपर्यंतची तीच आठ पावलं. बाबा स्वतःच हुकूम देत होते, "एक… श्वास घे. दोन… सोड." सिस्टर एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. आठव्या पावलाला बाबा थांबले, सिस्टरनी बोटाला लावलेल्या नाडीच्या छोट्या यंत्राकडे बघून म्हणाले, "सूनबाई, आकडा?"

"शहाऐंशी, बाबा!"

"लिही वहीत. आणि काल मला वही वाचून दाखवताना बारा दहाच्या आधी सोडलीस ती कोरी जागाही भर. माझं नाव घालून. तुझं एकटीचं नको."

वाचकहो, आपला माणूस आजारी पडला की आपला जीव तुटतो, त्यात खोटं काहीच नाही. पण प्रेम म्हणजे गर्दी नव्हे. डॉक्टरांच्या औषधाइतकीच शांतता, विश्रांती, धीराचा एक शब्द आणि नीट लावलेली उशी यांचीही रुग्णाला गरज असते. ती देणारे हात कमी लेखू नका. भेटायला जायचंच असेल, तर दहा मिनिटांत उठा. आणि त्याहून जास्त बोलावंसं वाटलं, तर जिन्याजवळ बाक असतोच!