त्रेचाळीसचं काडतूस

"अज्या, ड्रिल खाली ठेव."

एवढं बोलून तुळसाने भिंतीवरचं बटणच बंद केलं. पडवीतली घरघर थांबली. पाटावर अकरा पितळी काडतुसं झळकत होती. होमस्टेच्या शोषखड्ड्यासाठी खणताना ती गंजक्या डब्यात सापडली होती. अजय, तिचा धाकटा दीर, त्यांना भोकं पाडून पर्यटकांसाठी किचेन करायला बसला होता.

"वयनी, माझ्या कामात तंगडी घालू नको."

तिने काडतुसाला हात लावला नाही, नुसतं वाकून त्याचं बूड पाहिलं. पुण्याकडच्या काडतुसांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने हेच केलं होतं. भिंग, दिवा आणि पितळी बुडं. ब्रिटिशांच्या काळातले नमुनेही तिथे जपून ठेवलेले असत. इथे बुडावर ४३ हे साल कोरलेलं होतं, आणि शेजारी इंग्रजी बी हे अक्षर.

"ह्यां साधां न्हय. बी म्हणजे आग लावणारी गोळी. आत फॉस्फरस आसा, वारो लागलो की पेटता. बुडाच्या मधल्या टिकलीभोवती निळो रंग होतो काय?"

अजयची बायको यशोदा दारात उभी होती. "होतो. मिया आमसुलान घासून काढलंय. देवाची भांडी घासतंय तसो."

"तू गप!" अजय तिच्यावर खेकसला, मग तुळसाकडे वळला. "दिवाळीचा बुकिंग फुल्ल आसा. पोलीस इले तर गिरायकां पळतली. ह्याच व्हया ना तुका? दादा गेल्यावर अर्धां घर मिळूक नाय म्हणान?"

"घरात तुझी पोरां आसत, अज्या."

"फोन लावलंस तर परत ह्या दारात पाय ठेवचो नाय. सांगान ठेवतंय."

तुळसाने फोन लावला.

दुपारी पोलिसांचं बॉम्बनाशक पथक येऊन काडतुसं आणि डबा घेऊन गेलं. पाहुणे बॅगा ओढत आधीच गेले होते. अंगणात हवालदार पंचनामा लिहीत होता.

"खुणा यांनी ओळखल्या. घरमालकाशी नातं काय?"

तुळसा तोंड उघडणार, तोच पडवीतून अजयचा आवाज आला. "शेजारीण."

यशोदाने मान खाली घातली. हवालदाराने तेच लिहिलं आणि कागद तुळसापुढे धरला.

तिने चष्मा लावून एकेक ओळ बोटाखालून नेली. साल ३४ पडलं होतं. ते खोडून तिने ४३ केलं, बाजूला छोटी सही केली. मग पुढे शेवटपर्यंत वाचलं.

"आणखी काही चुकलंय?"

"नाही," ती म्हणाली, आणि तळाशी पूर्ण नाव लिहिलं.