सिमेंटातलं औषध

ऑपरेशन थिएटरमध्ये कृत्रिम सांधा हाडाला पक्का बसवणारं सिमेंट कालवायचं काम सिस्टरकडे असायचं. पांढरी भुकटी, त्यात अँटिबायोटिकची पूड, वरून नाकात झोंबणारं द्रव. गोळा हातमोज्याला चिकटेनासा झाला की डॉक्टरांच्या हातात द्यायचा. आजवर टेबलावरची माणसं परकी असायची. त्या दिवशी तिथे तिची सख्खी ताई होती.

ताईचं इस्त्रीचं दुकान. जन्मभर उभं राहून तिचा गुडघा कामातून गेला होता. "बदलून घे गं, पळायला लागशील," असा लकडा सिस्टरनेच तिच्यामागे लावला होता. कृत्रिम सांधा बसला, ताई पुन्हा दुकानात उभीही राहिली. मग गुडघा सुजला, लालबुंद झाला, टाक्यांच्या व्रणातून पू यायला लागला. जंतू सांध्याला घट्ट चिकटले होते आणि सलाइनमधलं औषध तिथवर पुरेसं पोचत नव्हतं. म्हणून सांधा काढून तिथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवायचं ठरलं. औषध त्यातून हळूहळू झिरपणार, जंतू मेले की नवा सांधा.

"तुला धड कणीक भिजवता येत नाही," आत नेताना ताई म्हणाली, "आणि माझा गुडघा तुझ्या हातात!"

"गप पड," सिस्टर म्हणाली आणि दोघी हसल्या.

तिने जीव ओतून कालवलं. एक गुठळी राहू दिली नाही.

जखम सुकली. ताप उतरला. ताई वॉकर घेऊन घरभर फिरायला लागली, नवऱ्याने इस्त्री केलेल्या शर्टांच्या कॉलरी बघून नाक मुरडायला लागली. सिस्टरला वाटलं, जिंकलो. मग एका दुपारी ड्रेसिंग सोडताना तिला पुन्हा पुवाचा वास आला. तिने पट्टी पुन्हा गुंडाळली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

डॉक्टरांनी ठोकळा काढून दुसऱ्या औषधाचा घातला. तोही तिनेच कालवला. या वेळी जखम सुकलीच नाही.

"जंतू कशालाच दाद देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "एक औषध उरलंय. पण सिमेंट घट्ट होताना तापतं, त्यात ते टिकत नाही."

"मग शिरेतून द्या ना, सर."

"त्यांच्या किडन्यांना ते झेपणार नाही. रिपोर्ट तुम्ही पाहिलेत, सिस्टर."

पाहिले होते. म्हणून तर ती खाली बघत होती. ताईला पुन्हा थंडी भरून ताप यायला लागला होता, विष रक्तात उतरत होतं. पाय मांडीतून काढायचा, एवढंच उरलं होतं.

ताईला ते सांगायलाही सिस्टरच गेली. ताई बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिली.

"तू सांगितलंस म्हणून मी सांधा बदलला," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच सिस्टरला सहन झालं नाही.

त्या ऑपरेशनला सिमेंट लागणार नव्हतं. सिस्टर बाहेर बाकावर भावोजींशेजारी बसली. "आता तरी जीव वाचेल ना?" ते विचारत राहिले. ती मान डोलवत राहिली.

जीव वाचला. दुकान भावोजींनी बंद केलं, त्यांना एकट्याला ते झेपेना. ताई खिडकीशी बसून असते. सिस्टर सुट्टीच्या दिवशी जाते, तिचे केस विंचरते, इकडचं तिकडचं सांगते. ताई हूं हूं करते. परवा मात्र तिने मध्येच सिस्टरचा हात धरला.

"गुडघा ठणकतोय गं."

"कुठला?"

"तोच."

सिस्टरने चादरीच्या सपाट भागावर हात ठेवला.

"इथे?"

"जरा खाली," ताई कण्हत म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

सिस्टर गादीवरून हात फिरवत राहिली. ताईचं कण्हणं काही थांबलं नाही.